हैदराबादच्या परिषदेला निघण्यापूर्वी : शहराशी आधी ओळख करून घेऊ

शिक्षण परिषद असो, उर्दू-मराठी साहित्याचे चर्चासत्र असो, डॉक्टरांचे अधिवेशन असो की महिला बचत गटांचा मेळावा, गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील लोकांना हैदराबादची निमंत्रणे वारंवार येतात. माधापूरला मोठे परिषद केंद्र आहे, गच्चीबौलीला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ आहे, तारनाक्याजवळ उस्मानिया विद्यापीठ आहे. दर आठवड्याला कुठे ना कुठे काहीतरी चालूच असते.

पण आपले बहुतेक लोक जातात कसे आणि येतात कसे? रात्रीची गाडी पकडायची, सकाळी हॉलवर पोहोचायचे, दोन दिवस भाषणे ऐकायची, शेवटच्या संध्याकाळी धावत चारमिनार गाठून एक फोटो, एक बिर्याणी, बायको-मुलींसाठी बांगड्यांचा डबा आणि परत. घरी विचारले, "कसं आहे हैदराबाद?" तर उत्तर ठरलेले : "ट्रॅफिक लई, बिर्याणी झकास!"

आम्हाला वाटते की एवढ्यावर परत येणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे आहे. एखाद्या अनोळखी शहरात असे झाले तर समजू शकते. हैदराबाद मात्र आपल्यासाठी, विशेषतः मराठवाड्यातील कुटुंबांसाठी, अनोळखी नाही. आपल्या आजी-आजोबांची ती राजधानी होती. आपल्या घरातील बोली, जमिनीचे कागद आणि कितीतरी न सांगितलेल्या आठवणी या शहराशी जोडलेल्या आहेत. म्हणून परिषदेची बॅग भरण्याआधी या शहराची थोडी माहिती करून घ्यावी, त्यासाठी हा लेख.

राजधानी आपलीही होती

पहिले निजाम आसफजाह यांनी १७२४ मध्ये दख्खनमध्ये आपली सत्ता पक्की केली, तेव्हा त्यांचे मुख्य ठाणे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) होते. त्यांची कबरही खुलताबादला आहे. राजधानी हैदराबादला हलली ती १७६३ मध्ये, निजाम अली खान यांच्या काळात. म्हणजे वयाने हैदराबाद मोठे असले तरी आसफजाही राजधानीचा मान आधी औरंगाबादकडे होता, हे तिथल्या मित्रांना हसत हसत सांगायला हरकत नाही.

त्यानंतर १९४८ पर्यंत औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे मराठी जिल्हे याच संस्थानात होते. वरच्या कोर्टाचे काम, मोठी नोकरी, कॉलेजचे शिक्षण, अवघड आजार, सगळ्यासाठी वाट हैदराबादची. १९५६ मध्ये भाषावार राज्ये झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. सरकारी सरहद्द बदलली, नातेवाईक मात्र तिथेच राहिले. आजही नांदेड, परभणी, लातूरच्या अनेक घरांत एक तरी खाला, फुफी किंवा चुलत चाचा हैदराबादला असतातच.

एक गोष्ट तर थेट मक्केपर्यंत जाते. निजाम संस्थानातून हजला जाणाऱ्यांना मोफत राहता यावे म्हणून मक्केत रुबात उभारली गेली. पूर्वीच्या संस्थानातील हाजी म्हणून तेलंगणाबरोबर मराठवाडा आणि कर्नाटकातील जुन्या निजामी जिल्ह्यांच्या हाजींचाही तिथे विचार होत आला आहे. संस्थान संपले, नकाशा बदलला, तरी हजच्या वाटेवर तो जुना नकाशा अजून कामाला येतो.

"नक्को" ऐकले की लाजू नका

हैदराबादला उतरल्यावर पहिल्याच तासात एक शब्द कानावर पडेल : "नक्को". ॲटोवाला म्हणेल, "उधर से नक्को, इधर से चलते." हा आपला मराठी "नको" आहे. "कायकू" मध्ये आपले "काय" बसले आहे. "मैंइच बोला", "ऐसाइच है" यातला "च" तर सरळ मराठीतून उचललेला, दिल्ली-लखनौच्या उर्दूत तो सापडणार नाही. मराठी, तेलुगू, कन्नड यांच्या शेजारात शेकडो वर्षे राहून जी भाषा तयार झाली, ती दखनी.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. आपल्या कितीतरी मुलांना घरातल्या बोलीची लाज वाटते. शाळेत मराठी शिक्षक म्हणतात, तुमचे मराठी "तसले" आहे. परिषदेत कुणी उत्तरेकडचे विद्वान हसतात, तुमची उर्दू बिघडलेली आहे. दोन्हीकडून मार खाऊन मूल गप्प बसायला शिकते. मग परिषदेत प्रश्न विचारायला हात वर होत नाही.

त्या मुलांना इतिहास सांगितला पाहिजे. हैदराबाद वसवणारा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह स्वतः या दखनीत कविता करत होता. उर्दूत संपूर्ण दीवान असलेला पहिला शायर म्हणून त्याचे नाव घेतले जाते. नंतर औरंगाबादचा वली दखनी साधारण १७०० मध्ये दिल्लीला गेला आणि आपल्या बोलभाषेतही उत्तम गझल होऊ शकते हे तिथल्या फारसी लिहिणाऱ्या शायरांना उमगले. दख्खनच्या सूफींनी बायकांनी दळताना म्हणावेत म्हणून "चक्कीनामे" रचले. आपल्या जात्यावरच्या ओवीची ती सख्खी बहीणच. या भाषेला बिघडलेली उर्दू म्हणणाऱ्यांनी काळाचा क्रम एकदा तपासावा : दिल्लीत उर्दू गझल बहरण्याच्या शंभर वर्षे आधी इथे दरबारात दखनी चालत होती.

म्हणून हैदराबादला मुलांना सोबत नेत असाल तर त्यांना एक काम द्या. बाजारात, बसमध्ये, हॉटेलात कानावर पडणारे असे शब्द वहीत लिहून काढायचे, जे आपल्या घरातही बोलले जातात. दोन दिवसांत पानभर यादी सहज होईल. व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा ही यादी त्यांना जास्त शिकवेल, आणि आजीशी बोलायला विषयही मिळेल.

एक शहर, चार वस्त्या

आता शहराचा नकाशा. हैदराबाद म्हणजे एकमेकांना चिकटलेली चार शहरे आहेत, असे समजून चालले की गोंधळ कमी होतो.

पहिले गोलकोंडा. पश्चिमेचा डोंगरी किल्ला, १५१८ पासून कुतुबशाहीची राजधानी. दुसरे, मूसी नदीच्या दक्षिणेला असलेले जुने शहर, चारमिनारच्या भोवतीचे. तिसरे सिकंदराबाद, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसलेली इंग्रजांची छावणी, म्हणून तिथले रस्ते, बंगले, चर्च वेगळ्या वळणाचे. चौथे म्हणजे माधापूर, हायटेक सिटी, गच्चीबौली हा नवा काचेच्या इमारतींचा भाग. परिषदा बहुतेक या चौथ्या भागात होतात आणि आपल्याला पाहायचे असते ते बहुतेक दुसऱ्या भागात. दोघांमध्ये वीसेक किलोमीटरचे अंतर आणि भरपूर वाहने. संध्याकाळी सहाला सत्र संपवून "पटकन चारमिनार करून येऊ" म्हणणाऱ्यांची निम्मी संध्याकाळ रस्त्यातच जाते.

उपाय मेट्रोचा. २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली मेट्रो हायटेक सिटी आणि रायदुर्गपर्यंत येते. तिथून निळ्या मार्गाने अमीरपेट, तिथे गाडी बदलून लाल मार्गाने एमजीबीएस, म्हणजे महात्मा गांधी बसस्थानक. जुने लोक त्याला इमलीबन म्हणतात. तिथून ॲटोने चारमिनार दोनेक किलोमीटर. बायका-मुले सोबत असतील तर हा मार्ग सर्वांत बिनत्रासाचा. मेट्रोत महिलांसाठी वेगळी जागाही असते.

रेल्वेने येणाऱ्यांनी स्थानक नीट पाहून तिकीट काढावे. सिकंदराबाद, काचीगुडा, नामपल्ली आणि लिंगमपल्ली ही चारही स्थानके "हैदराबाद"च आहेत, पण एकमेकांपासून लांब. नामपल्लीला रेल्वेच्या कागदावर "हैदराबाद डेक्कन" लिहिलेले असते. गच्चीबौली-माधापूरला काम असेल तर लिंगमपल्ली जवळ पडते. जुन्या शहरात नातेवाइकांकडे उतरायचे असेल तर काचीगुडा किंवा नामपल्ली बरे.

गोलकोंड्यावरून उतरून चारमिनारकडे

गोलकोंड्यात लोकसंख्या वाढली, जागा आणि पाणी कमी पडू लागले, म्हणून मुहम्मद कुली कुतुबशाहने १५९१ मध्ये मूसीच्या पलीकडे नवे शहर वसवले आणि मध्यभागी चारमिनार उभारला. हिजरी सनाचे हजारावे वर्ष तेव्हा सुरू झाले होते. शहराची आखणी केली मीर मोमिन अस्त्राबादी यांनी. ते सुलतानाचे "पेशवा" होते. हा शब्द आपल्याला पुण्यामुळे माहीत, पण दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात तो आधीपासून चालत होता. त्यांची कबर जुन्या शहरात मीर मोमिनच्या दायऱ्यात आहे.

चारमिनार म्हणजे चार रस्त्यांचा चौक. वरच्या मजल्यावर मशीद आहे, हे खाली उभे राहून फोटो काढणाऱ्या अनेकांना माहीतच नसते. उत्तरेला गुलजार हौज आणि त्याभोवती चार कमानी, पश्चिमेला लाड बाजार, आणि दक्षिणेला दोन मिनिटांवर मक्का मशीद.

मक्का मशिदीचे काम सुलतान मुहम्मद कुतुबशाहच्या काळात, १६१७ च्या सुमारास सुरू झाले आणि पुरे झाले ते १६९४ मध्ये औरंगजेबाच्या काळात. ज्या बादशाहने १६८७ मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर गोलकोंडा जिंकला, त्यानेच हरलेल्या घराण्याची मशीद पुरी केली. आवारात आसफजाही घराण्यातील अनेक निजामांच्या कबरी आहेत. जुम्म्याला इथे नमाज पढायची असेल तर लवकर पोहोचा, गर्दी मोठी असते आणि आजूबाजूचे रस्तेही भरतात.

गोलकोंड्याचा आणि मराठ्यांचा एक धागा इथे आठवावा. १६७७ मध्ये दक्षिण मोहिमेच्या वाटेवर छत्रपती शिवाजी महाराज भागानगरात, म्हणजे हैदराबादला आले होते. अबुल हसन कुतुबशाहने त्यांचे स्वागत केले, दोघांत करार झाला. कुतुबशाहचे मुख्य कारभारी तेव्हा मादण्णा होते. "मुसलमान सुलतान विरुद्ध हिंदू राजा" एवढ्या एकाच ओळीत इतिहास सांगणाऱ्यांना ही भेट अडचणीची वाटते. आपण मुलांना ती जरूर सांगावी.

वेळेबद्दल एक सूचना : सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद असतात. आपले लोक नेमके जुम्मा साधून जुन्या शहरात जातात आणि दोन्ही दारांवरून परत फिरतात. तेव्हा शुक्रवारी मशीद आणि बाजार, दुसऱ्या दिवशी संग्रहालय, असे वाटून घ्या. सालारजंगमधली संगमरवरी "बुरख्यातली रिबेका" ही १८७६ सालची इटालियन मूर्ती पाहायला गर्दी असतेच. तिथल्या कुराण शरीफच्या हस्तलिखित प्रतींसमोर मात्र थोडे जास्त थांबा.

सोबत मुली असतील तर कुतुबशाही मकबऱ्यांत हयात बख्शी बेगमची कबर दाखवा. सुलतानाची मुलगी, सुलतानाची बेगम आणि सुलतानाची आई असलेल्या या बाईचा राज्यकारभारात मोठा शब्द होता. गेल्या शतकातील सुगरा हुमायून मिर्झा यांचेही नाव त्यांना सांगा. लेखिका, संपादक आणि मुलींच्या शाळेच्या संस्थापक अशी त्यांची ओळख आहे. परिषदेत "मुस्लिम महिलांचे शिक्षण" या विषयावर तासभर भाषण ऐकण्याआधी या दोघींची माहिती असली की भाषणाला काय विचारायचे तेही सुचते.

नदीने शिकवलेला धडा

एमजीबीएसवरून जुन्या शहराकडे जाताना मूसी ओलांडावी लागते. आज ती नदी पाहून नाक मुरडावेसे वाटते. पण २८ सप्टेंबर १९०८ ला या नदीने शहर बुडवले होते. हजारो माणसे गेली. मृतांचा आकडा साधारण पंधरा हजार सांगितला जातो. अफजलगंजच्या बागेतल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे लोक वाचले. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे.

पुरानंतर काय केले, हे जास्त महत्त्वाचे आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले. त्यांच्या सल्ल्यावरून वरच्या अंगाला धरणे बांधायचे ठरले. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरे झाले. पूरही आवरला आणि पिण्याच्या पाण्याचीही सोय झाली. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ नेमले गेले. नदीकाठी हायकोर्ट, उस्मानिया रुग्णालय यांसारख्या ज्या भव्य इमारती दिसतात, त्या या काळातल्या. संकटानंतर फक्त मदतफेरी काढून न थांबता वीस वर्षांचे काम हाती घेणे काय असते, ते इथे डोळ्यांनी दिसते. आपल्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी पुलावर पाच मिनिटे थांबून एवढा विचार केला तरी प्रवासखर्च वसूल झाला.

१९१८ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही असेच धाडस. इंग्रजीऐवजी उर्दूतून उच्च शिक्षण द्यायचे ठरले, तेव्हा पुस्तकेच नव्हती. म्हणून आधी भाषांतर विभाग, दारुत्तर्जुमा, उघडला. विज्ञान, वैद्यक, कायदा यांची पुस्तके उर्दूत आणली. मातृभाषेतून शिक्षण द्यावे की इंग्रजीतून, हा वाद आपल्या प्रत्येक शिक्षण परिषदेत होतो. त्या वादाचे एक मोठे, प्रत्यक्ष झालेले उदाहरण इथे आहे, त्याच्या यशासकट आणि मर्यादांसकट. मर्यादा अशी की संस्थानातील बहुसंख्य लोकांची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती, उर्दू नव्हती. हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, कारण आपण मराठीही आहोत आणि मुसलमानही.

१९४८ : हळू बोलायचा विषय

हैदराबादला जुन्या माणसांशी गप्पा मारताना कधी ना कधी "पोलीस ॲक्शन"चा विषय निघतो. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य संस्थानात आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. त्या मुक्तीची गरज का पडली, हे आपण आडपडदा न ठेवता मुलांना सांगितले पाहिजे. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव केलेले जुलूम खरे आहेत. त्यांच्या विरोधात लिहिणारा "इमरोज" या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान याला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेतच ठार मारण्यात आले. सामान्य मुसलमान रझाकारांच्या बाजूनेच होता, असे कुणी म्हटले तर हे नाव सांगावे.

आणि कारवाईनंतर जे झाले, तेही खरे आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षी संस्थानात फिरून अहवाल दिला. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा हात राखून केलेला अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, गुलबर्गा आणि बीदर होते. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे. अनेक दशके हा अहवाल लोकांसमोर आला नव्हता. आता तो वाचता येतो.

आपल्या कितीतरी घरांत आजी या काळाबद्दल बोलतच नाही. काही कुटुंबे त्या दिवसांत गाव सोडून हैदराबादला गेली, काही परत आली, काही नाही. म्हणून तिकडच्या खाला-चाचांना भेटाल तेव्हा हा विषय आपणहून उकरू नका, पण त्यांनी काढला तर घड्याळ न पाहता ऐका. परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज टिपून ठेवा. ज्यांनी ते दिवस पाहिले ते आता नव्वदीच्या घरात आहेत. पुढच्या परिषदेपर्यंत ते असतीलच असे नाही.

जुने कागद कुठे असतात

मराठवाड्यातील दर्गा, मशीद, कब्रस्तान, आशूरखाना यांच्या इनाम जमिनींचे वाद चालू असलेली गावे थोडी नाहीत. अशा प्रकरणांत "मुंतखब" हा शब्द वारंवार येतो. निजामकाळात इनामाची चौकशी होऊन जो अधिकृत उतारा दिला जाई, तो मुंतखब. इनाम कुणाला, कोणत्या सेवेसाठी, किती जमीन, हे त्यात असते. कित्येक मुतवल्लींकडे याची मूळ प्रत नसते, असली तरी उर्दू-फारसी वाचणारे घरात कुणी उरलेले नसते.

हैदराबादला तारनाक्यात तेलंगणा राज्य अभिलेखागार आहे. निजामकाळाच्या दफ्तरांबरोबर शाहजहान आणि औरंगजेबाच्या काळातील दीड लाखांहून अधिक फारसी कागद तिथे आहेत. अफजलगंजला १८९१ मध्ये स्थापन झालेले, पूर्वीचे आसफिया ग्रंथालय आहे. उस्मानियाच्या परिसरात १८८८ पासून दुर्मीळ अरबी ग्रंथ छापणारी दायरतुल मआरिफ आहे. पंजागुट्ट्याला इदारा-ए-अदबियात-ए-उर्दूचा हस्तलिखितांचा संग्रह आहे.

अशा ठिकाणी आयत्या वेळी जाऊन काम होत नाही. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पत्र किंवा ईमेल करा. गावाचे जुने नाव, तालुका, जिल्हा, संस्थेचे नाव आणि अंदाजे साल लिहा. ओळखपत्र आणि संस्थेचे पत्र सोबत ठेवा. परिषदेच्या तारखांना एक कामाचा दिवस जोडून घ्या, रविवार नको. एका फेरीत कागद हाती येईलच असे नाही, पण कोणत्या खिडकीवर काय मागायचे हे कळले तरी पुढचा रस्ता दिसतो. गावातल्या एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला सोबत नेले, तर पुढे वीस वर्षे कामाला येणारा माणूस तयार होईल.

खाणे आणि खरेदी, बेताने

बिर्याणीबद्दल आम्ही काय सांगायचे! एवढेच की हैदराबादेत कच्च्या गोश्तची बिर्याणी होते, म्हणजे मसाला लावलेले कच्चे मांस आणि अर्धवट शिजलेला भात एकत्र दमावर. सोबत मिरचीचे सालन. पण शहराची खरी चव सकाळी कळते. खिचडी, खिमा आणि आंबट "खट्टा" हा तिथला नाश्ता. कुठे नहारी-पाया. मग इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट. गोडात खुबानी का मीठा आणि डबल का मीठा. रमजानमध्ये गेलात तर हलीमच्या भट्ट्या जागोजागी दिसतील. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रमजानात जुने शहर रात्रभर जागे असते, तेव्हा परिषदेचे सकाळचे सत्र लक्षात ठेवून फिरा.

लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घ्याव्यात. त्यांनाही २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कारागीर लाख तापवून त्यावर खडे बसवताना दिसतात, मुलांना पाच मिनिटे ते पाहू द्या. भावात घासाघीस चालते, पण हसून. मोत्यांसाठी पथरगट्टीकडे जाल तर पावती मागून घ्या.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत जात असाल तर नामपल्लीची "नुमाइश" चुकवू नका. १९३८ पासूनचे हे प्रदर्शन आहे. हैदराबादी कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातात, शहराचा खरा मिजाज तिथे दिसतो.

जाताना काय न्यायचे

शहराकडून घेण्याची यादी मोठी झाली. देण्याचेही काही असावे. हैदराबादच्या अनेक मित्रांना मुसलमान मराठीत लिहितात याचे नवल वाटते. त्यांना श्रीगोंद्याच्या शेख महंमदांबद्दल सांगा, ज्यांची गणना मराठी संतकवींमध्ये होते. सोलापूरला १९९० मध्ये झालेल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाबद्दल सांगा. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत होते, फारसी-उर्दू जाणत होते आणि त्यांनी उर्दू शायरी मराठी वाचकांपर्यंत नेली, हे सांगा. उस्मानियात मराठी विभाग आहे आणि शहरात मराठी साहित्य परिषद आहे. वेळ काढून तिथेही सलाम-नमस्कार करून या. दोन-चार मराठी पुस्तके भेट नेली तर ओळख टिकते.

निघण्यापूर्वी घरी एक संध्याकाळ फक्त यासाठी ठेवावी. अब्बा-अम्मी, नाना-नानी यांना विचारावे : आपले कोण कोण हैदराबादला होते, कोणत्या मोहल्ल्यात, कशासाठी गेले? जुना पत्ता, पत्र, निकाहनामा, शाळेचा दाखला काही असेल तर फोटो काढून घ्यावा. मग नकाशावर तो मोहल्ला शोधावा. परिषदेचे ठिकाण, नातेवाइकांचे घर, मशीद आणि एक पाहायची जागा, अशी चार ठिकाणे वहीत लिहावीत. यापेक्षा जास्त भरगच्च बेत करू नये, लहान मुले आणि वयस्कर सोबत असतील तर मुळीच नाही.

परिषदेत भाषणे होतील, ठराव होतील, ढाली आणि शाली दिल्या जातील. त्यातले किती लक्षात राहील ते अल्लाहला माहीत. पण ज्या शहरात आपल्या बोलीतला "नको" चारशे वर्षे दरबारात आणि बाजारात वावरला, तिथून परत येताना आपल्या मुलाने ती बोली ताठ मानेने बोलावी, आणि आजीने एखादी न सांगितलेली गोष्ट सांगायला सुरुवात करावी. एवढे झाले तरी तो प्रवास सत्कारणी लागला असे आम्ही समजू. सफर मुबारक!